खेळणारा एक, नाव दुसऱ्याचे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका पालकांचे पत्र वाचले. दिवसरात्र गेम खेळणाऱ्या तरुणाला नायक ठरवणारी एक चिनी कार्टून मालिका आपला मुलगा जेवणखाण विसरून पाहत बसतो, अशा मालिकांमुळे सीमाभागातली मुले वाया चालली आहेत, तेव्हा त्यांच्यावर बंदी आली पाहिजे, असा त्या पत्राचा रोख होता. मालिकेचे नाव त्यांनी दिले नव्हते. परंतु वर्णनावरून ती 'द किंग्ज अवतार' असावी याविषयी मला शंका नाही, कारण तीच मालिका गेले दोन महिने रात्री दुकानाचे शटर अर्धे ओढल्यावर मी माझ्या भाच्यासोबत पाहिली आहे. त्या पालकांची काळजी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या मालिकेवर त्यांचा राग आहे ती त्यांनी स्वतः बसून पाहिली असावी असे वाटत नाही, आणि तिच्यात आईबापांनी खरोखर धसका घ्यावा अशी जी गोष्ट आहे, तिचा त्यांच्या पत्रात उल्लेखही नाही. ती गोष्ट आहे सही केलेल्या कागदाची. तेवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लांबले तर आपण खुशाल कात्री लावावी.

मी या विषयातला जाणकार नव्हे. २००३ पासून जवळजवळ चौदा वर्षे बेळगावच्या शहापूर भागात माझा सायबर कॅफे होता, एवढीच माझी पात्रता. नऊ संगणक, तासाला वीस रुपये, आणि संध्याकाळी सहानंतर उद्यमबागेतल्या कारखान्यांतून सुटलेली पोरे हाताला तेलाचा वास घेऊनच यायची आणि 'काउंटर-स्ट्राइक' हा गोळीबाराचा खेळ खेळायला बसायची. सायबर कॅफेतल्या दोन संगणकांमधली फळी साडेचार फुटांहून उंच असू नये, असा नियम २०११ साली केंद्र सरकारने केला तेव्हा माझ्याकडच्या फळ्या पाच फुटांच्या होत्या. सुतार बोलावून त्या वरून कापून घेतल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नोंदींची वही वर्षभर सांभाळून ठेवायची सवय लावून घेतली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि पुढच्या काही महिन्यांत एकेक खुर्ची रिकामी पडत गेली. आज त्याच जागेत झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज आणि पासपोर्ट फोटो असा धंदा चालतो. त्यामुळे जिचा बराच भाग एका नेट कॅफेत घडतो अशी मालिका आहे हे भाच्याकडून कळल्यावर मी बसलो तो खेळ पाहायला नव्हे, कॅफे पाहायला.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हूदिए लान या टोपणनावाने लिहिणाऱ्या चिनी लेखकाची ही कादंबरी २०११ ते २०१४ या काळात इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध झाली. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिच्यावरची बारा भागांची ॲनिमेशन मालिका आली, २०१८ साली तीन विशेष भाग, २०१९ साली चित्रपट आणि २०२० साली मालिकेचे दुसरे पर्व, तेही बारा भागांचे. मराठीत ती नाही. आमच्याकडची पोरे चिनी आवाजात आणि इंग्रजी पाट्यांवर ती पाहतात. घरी मराठी, शाळेत कानडी आणि मोबाईलवर हिंदी-इंग्रजी असा कारभार असलेल्या बेळगावच्या पोरांना त्याचे काही वाटत नाही, मला मात्र पहिले दोन भाग भाच्याकडून समजावून घ्यावे लागले.

कथेचा नायक ये श्यू पंचवीस वर्षांचा आहे. 'ग्लोरी' नावाच्या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये त्याने आपल्या संघाला लागोपाठ तीन अजिंक्यपदे मिळवून दिली आहेत आणि खेळातले त्याचे पात्र, 'वन ऑटम लीफ', देशभर प्रसिद्ध आहे. हा माणूस जाहिराती करत नाही, मुलाखती देत नाही, लोकांसमोर तोंड दाखवत नाही, आणि त्यामुळे संघाला त्याच्या नावावर पैसा करता येत नाही, ही चालकांची खरी अडचण. एके दिवशी त्याला बोलावून सांगण्यात येते की तुझे पात्र आता एका नव्या, तरुण खेळाडूला द्यायचे आहे आणि तू सरावापुरता त्याचा जोडीदार म्हणून राहा. आपल्याकडच्या भाषेत बोलायचे तर मैदान मारलेल्या पैलवानाला तालमीतल्या नवख्या पोराच्या अंगाखाली रोज जोड म्हणून पडायला सांगण्यासारखेच हे आहे. ये श्यू नकार देतो. करारातून मोकळे होण्यासाठी त्याला निवृत्ती जाहीर करावी लागते, आणि लीगच्या नियमाप्रमाणे निवृत्त खेळाडूला पुढचे वर्षभर परत येता येत नाही.

या ठिकाणी एक प्रसंग आहे, तो मी भाच्याला मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितला. या खेळात प्रत्येक पात्र एका छोट्या कार्डावर साठवलेले असते; कार्ड ज्याच्या हातात, पात्र त्याचे. ये श्यू ते कार्ड नव्या खेळाडूपुढे धरतो. समोरचा ते घ्यायला हात पुढे करतो आणि दोघांच्या बोटांत ते कार्ड क्षणभर अडकून राहते, कारण ये श्यूची बोटे ते सोडायला तयार होत नाहीत. दोन-चार सेकंदांचा हा प्रसंग आहे. कोणी ओरडत नाही, कोणी रडत नाही. पुढे तो बाहेर पडतो तेव्हा बर्फ पडत असते, आणि समोरच्याच रस्त्यावर असलेल्या नेट कॅफेत जाऊन तो बसतो. तिथली मालकीण छन कुओ ही त्याच्याच जुन्या संघाची भक्त आहे. समोर उभा असलेला हा गबाळा माणूस म्हणजे आपण ज्याचे कौतुक करत आलो तो खेळाडू, हे तिला कळत नाही, कारण त्याचा चेहरा कोणी पाहिलेलाच नाही. ती त्याला रात्रपाळीचा कामगार म्हणून ठेवून घेते आणि झोपायला सामानाची एक अडगळीची खोली देते. तिथून तो नव्या सर्व्हरवर, नव्या नावाने, पहिल्या पायरीपासून खेळायला लागतो.

कॅफे उत्तम उतरला आहे, हे मी अनुभवाने सांगतो. गल्ल्यामागे बसून एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा गिऱ्हाईकावर ठेवणारी मालकीण, स्वतः हरत असताना कोणी मागे उभे राहिले की चिडणारी, पण तोच मनुष्य खुर्चीत बसून काही सेकंदांत सामना जिंकून देतो म्हटल्यावर आवाज खाली आणणारी, अशी माणसे मी नऊ संगणकांच्या त्या खोलीत पुष्कळ पाहिली. फक्त रात्रभर कॅफे उघडा ठेवण्याचे चिनी स्वातंत्र्य मला नव्हते. रात्री उशिरापर्यंत मी पोरांना बसू दिले असते तर दुसऱ्या दिवशी पोलिसांनी माझे शटर कायमचे खाली ओढायला लावले असते. आणि हो, जाहिराती नाकारणाऱ्या नायकाच्या या मालिकेत एका परदेशी बर्गरच्या दुकानाची जाहिरात मात्र जागोजागी दिसते. मालिका काढणाऱ्यांनाही पोट आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगणे भाग आहे. माझा भाचा आयटीआयला फिटरच्या शाखेत आहे. मोबाईलवरचा गोळीबाराचा तो खेळ, जो २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी या नावाने बंद झाला, २०२१ च्या जुलैत दुसऱ्या नावाने आला, पुढच्या जुलैत ॲप स्टोअरवरून पुन्हा काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा परतला, तो खेळ हा मुलगा फार चांगला खेळतो. इतका चांगला की सतरा वर्षांचा असताना परगावच्या एका संघाने त्याला बोलावले. संघाचे नाव लिहीत नाही, कारण माझे भांडण त्या एका संघाशी नाही. महिन्याला काही हजार रुपये, नवा मोबाईल आणि स्पर्धांत खेळायची संधी असे बोलणे झाले. त्यांनी पाठवलेला करार घेऊन तो माझ्याच दुकानात आला. अकरा पाने, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. मी दोन प्रती काढल्या, डाव्या कोपऱ्यात स्टेपल मारले, शेवटच्या पानावर सही कुठे करायची ते बोटाने दाखवले आणि भाच्याकडून पैसे घेतले नाहीत. एवढाच माझा मोठेपणा. रोज दुसऱ्यांचे अर्ज भरून देणारा मी, त्या अकरा पानांतले एकही पान वाचले नाही.

चौदा महिन्यांनी संघाने त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींचा निरोप पाठवून कमी केले. त्या संध्याकाळी त्याने स्वतःचा आयडी, म्हणजे खेळातले आपले खाते, उघडायचा प्रयत्न केला तेव्हा ओटीपी त्याच्या मोबाईलवर आलाच नाही. लॉगिनला जोडलेला नंबर मधल्या काळात संघाच्या व्यवस्थापकाचा झाला होता. मग आम्ही करार काढून वाचला. नवव्या पानावर स्पष्ट लिहिले होते की खेळाडूने कराराआधी तयार केलेला आयडी, त्याचे खेळातले नाव आणि त्या नावाने चालणारे व्हिडिओ चॅनल ही सगळी संघाची मालमत्ता समजली जाईल आणि संघ सोडल्यावर बारा महिने खेळाडू दुसऱ्या कोणत्याही संघाकडून खेळणार नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी एका स्पर्धेचे थेट प्रक्षेपण आम्ही दुकानात पाहत होतो. त्यात भाच्याने आठवीत असताना ठरवलेले नाव डोक्यावर घेऊन दुसराच कोणी मुलगा खेळत होता. भाचा मला म्हणाला, "मामा, माझ्याच नावाचा गडी माझ्यासमोर पळायलाय बघा." पुढे काही बोलला नाही. माझी बहीण स्वयंपाकघरातल्या माणसाला शोभेल असे रोखठोक बोलली: "आयडी गेला तर गेला, आयटीआय तरी नीट कर." तिचे चुकले असे नाही, पण आयडी म्हणजे काय गेले हे तिला कळले नव्हते, आणि खरे म्हणजे त्या दिवशी मलाही पुरते कळले नव्हते. ते कळले तो कार्डाचा प्रसंग पाहताना.

संपादक महोदय, आपल्या भागात कुस्ती घराघरात समजते, म्हणून तिच्यावरून सांगतो. पैलवानाने एक तालीम सोडून दुसरी धरली तर वस्ताद रागावतो, दोन-चार वर्षे बोलत नाही. परंतु पैलवानाचे डाव आणि पैलवानाचे नाव त्याच्याबरोबर जाते. आनंदवाडीच्या आखाड्यात त्याच नावाने दुसराच गडी लंगोट लावून उतरवण्याचे धाडस कोणताही वस्ताद करणार नाही, आणि केले तर लोक हसतील. शर्यतीच्या बैलाचे मात्र वेगळे असते. बैल विकला की नव्या मालकाच्या नावाने पुकारला जातो. गाडीवर उभे राहून कासरा धरणारा कोण होता हे दुसऱ्या गावाला ठाऊकही नसते. या नव्या खेळात संघ काढणाऱ्यांनी आमच्या पोरांना पैलवान म्हणून बोलावले आणि कागदावर बैल म्हणून लिहून घेतले. ये श्यूची गोष्ट तीच आहे, फक्त त्याच्या वाट्याला आलेले अपमान जास्त देखणे आहेत.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कागदाची किंमत कोणी शिकवायला नको. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण एका भाषेत जगतो आणि दुसऱ्या भाषेतल्या कागदांवर सह्या करतो. जमिनीचा उतारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्डावरची नोंद, यांतले अक्षर न अक्षर कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय माझ्या वडिलांनी कधी सही केली नाही, आणि कागदपत्रे मराठीतून मिळावीत म्हणून ते प्रत्येक मोर्चात चालले. त्याच घरातला नातू अकरा पानांचा इंग्रजी करार न वाचता सही करून देतो आणि त्याचा मामा त्याला स्टेपल मारून देतो, याला काय म्हणावे?

आमच्या दुकानात झेरॉक्ससाठी येणाऱ्या एका वकिलांना मी तो करार दाखवला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इतर पालकांच्या उपयोगाच्या आहेत म्हणून लिहितो. पहिली अशी की अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच रद्दबातल असतो. १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश अमलातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, हे ठरवून टाकले आणि आजही तोच नियम आहे. भाच्याने सही केली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. दुसरी अशी की भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे एखाद्याला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. म्हणजे करार संपल्यावरही बारा महिने दुसरीकडे खेळू नये, हे कलम कागदावर कितीही ठसठशीत असले तरी न्यायालयात टिकणे कठीण. आयडीचे मात्र त्यांनाही सांगता येईना, कारण बहुतेक गेम कंपन्यांच्या नियमांप्रमाणे खाते खेळणाऱ्याच्या मालकीचे नसतेच. कंपनी ते फक्त वापरायला देते आणि दुसऱ्याला विकायला किंवा द्यायला मनाई करते. म्हणजे जे मुलाचे नव्हते ते त्याने संघाला लिहून दिले, जे संघाला घेता येत नव्हते ते संघाने घेतले, आणि खरा मालक तिसराच. हे ऐकून भाचा बऱ्याच दिवसांनी हसला.

पालकांनी आपल्या पत्रात या मालिकेला जुगाराच्या पंक्तीत बसवले आहे, तेही योग्य नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा जो कायदा केला त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे, असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे संगणकावरच्या आणि मोबाईलवरच्या खेळांच्या स्पर्धा, वेगळे काढून त्यांना मान्यता दिली आहे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते आणि तिथे तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने कांस्यपदक आणले. २०२३ मध्ये हांगझौला झालेल्या आशियाई स्पर्धेत ते पदकांच्या यादीत आले. रमीवर पैसे लावणारा आणि संघात राहून दिवसाचे आठ तास सराव करणारा यांना एकाच काठीने हाकणे म्हणजे मटक्याचा अड्डा आणि कॅरमचा क्लब यांना एकच कुलूप लावण्यासारखे आहे. मालिकेत पैसा लावून खेळण्याचे कौतुक नाही. उलट ये श्यू रात्रपाळी करून जगतो, आणि आपले शस्त्र सुधारण्यासाठी लागणारे दुर्मीळ साहित्य मिळवायला खेळातल्या इतर खेळाडूंच्या गटांसाठी अंगमेहनतीने खेळून देतो. गवंडी जसा दुसऱ्याच्या भिंती बांधून स्वतःच्या घरासाठी विटा जमवतो तसे.

त्या शस्त्राविषयी एक शब्द. ती एक छत्री आहे. उघडली की ढाल, मिटली की भाला, वळवली की बंदूक. त्याच्या मेलेल्या मित्राने ती फार वर्षांपूर्वी बनवली आणि ती अर्धवट राहिली होती. संघाने त्याचे सगळे घेतले, ही एक छत्री घेतली नाही, कारण ती जुन्या, कोणाला नको असलेल्या एका खात्यात पडून होती. माझ्या बहिणीने मालिकेतला एवढाच भाग आमच्यासोबत पाहिला आणि विचारले, "एवढी चांगली छत्री, पावसात का नाही धरत?" खानापूरकडच्या पावसात वाढलेल्या बाईला दुसरे काय सुचणार! परंतु मालिकेतली सगळ्यांत खरी गोष्ट मला हीच वाटली की त्याला पुन्हा उभे राहायला जे उपयोगी पडले ते कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते.

मालिका निर्दोष आहे असे मात्र मी म्हणत नाही, आणि येथे पालकांशी माझे पुन्हा जुळते. ये श्यू शून्यातून सुरुवात करतो असे पोरे म्हणतात; ते खरे नाही. दहा वर्षांचा सराव त्याच्या बोटांत आहे, जुन्या संघातली एक मैत्रीण त्याच्या बाजूने उभी आहे, विरुद्ध संघांतले नावाजलेले खेळाडू दोन डाव पाहून त्याला ओळखतात, आणि राहायला फुकट खोली आहे. खेळातली पातळी त्याची पहिली असेल, पण तो स्वतः पहिल्या पायरीवर नाही. वडगाव-खासबागेतल्या ज्या विणकराने माग भंगारात विकून चाळिशीत वॉचमनची नोकरी धरली त्याच्याही हातात कला आहेच, परंतु त्याचा माग परत मिळवून देणारी मालिका कोणी काढत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने ही कथा पाहून 'आपलेही असेच होईल' म्हणून आयटीआय सोडली तर त्याच्या हातात छत्रीही नसेल.

शरीराचा हिशेबही मालिकेने चुकवला आहे. नायक रात्रभर जागतो, सिगारेट ओढतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची बोटे तशीच चालतात. प्रत्यक्षात चीनमधला 'उझी' या नावाने प्रसिद्ध असलेला खेळाडू २०२० च्या जूनमध्ये तेवीस वर्षांच्या वयात प्रकृतीमुळे निवृत्त झाला. त्याला मधुमेह झाला होता. पुढे तो परत खेळला, पण तो काही मालिकेतल्यासारखा दिमाखदार परतावा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या यादीत मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. चीन सरकारने तर २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास ऑनलाईन खेळायची मुभा ठेवली. ज्या देशाने ही मालिका काढली त्याच देशाने हा नियमही काढला, हे पोरांना जरूर सांगावे. आमच्या घरात आता रात्री दहाला राउटर बंद होतो. तो बंद करण्याचे काम भाच्याकडेच दिले आहे.

तरीही बंदीची मागणी मला पटत नाही, आणि त्याचे कारण तत्त्वाचे नाही, व्यवहाराचे आहे. मालिका बंद केली तर मुले ती दुसरीकडून पाहतील, जशी बंद झालेला खेळ दुसऱ्या नावाने खेळत राहिली. परंतु मालिका आईबापांनी मुलासोबत बसून पाहिली, आणि त्या कार्डाच्या प्रसंगाला थांबवून 'हे कार्ड कोणाचे?' एवढे विचारले, तर जे मला अकरा पानांच्या प्रती काढताना सुचले नाही ते त्यांना वेळेवर सुचेल. मुलगा रात्री किती वाजता झोपतो हे आपण विचारतो. त्याचा आयडी कोणाच्या नंबरला जोडला आहे हे कोण विचारतो? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या कितीतरी मुलांना परगावच्या संघांकडून असे निरोप येत असतात. ती मुले घरी सांगत नाहीत, कारण घरी सांगितले तर मोबाईलच जप्त होतो. मग सही कॉलेजच्या कट्ट्यावर होते.

यासाठी आपल्या दैनिकाकडे माझी एक विनंती आहे. युवकांच्या पुरवणीत एखाद्या आठवड्याला या करारांतली नेहमीची कलमे साध्या मराठीत उलगडून द्यावीत: नाव कोणाच्या मालकीचे, बक्षिसाच्या रकमेतला वाटा किती, कराराची मुदत केव्हा संपते, संपल्यावर किती दिवस अडवून ठेवतात, तंटा झाला तर तो कोणत्या गावच्या न्यायालयात चालणार. शेवटच्या कलमाकडे विशेष लक्ष वेधावे, कारण भाच्याच्या करारात ते गाव बेळगावपासून रेल्वेने दीड दिवसावर होते. ज्या वकिलांचा वर उल्लेख केला त्यांनी असा मजकूर लिहून द्यायची तयारी दाखवली आहे. तसेच ज्या मुलांकडे असे कागद आले आहेत त्यांनी सही करण्याआधी ते घेऊन यावेत म्हणून शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ ते वकील माझ्या दुकानात बसणार आहेत. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही. या वेळी वाचूनही देईन.

भाच्याचे विचाराल तर त्याने नवा आयडी काढला आहे. तो त्याच्या स्वतःच्या नंबरला जोडलेला आहे आणि नंबर आईच्या नावावर आहे. खेळातले नवे नाव त्याने मला सांगितले, परंतु पेपरात छापू नका म्हणून बजावले. सध्या तो खालच्या पातळीवर आहे. काल रात्री दुकानात त्याच्याबरोबर मी एक डाव खेळलो आणि पहिल्या दोन मिनिटांत मेलो. दहाला त्याने राउटर बंद केला.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक जुना सायबर कॅफेवाला,
शहापूर, बेळगाव